सशर्त संभाव्यता शिकवायचीय? सूत्र राहू द्या, आधी चौकोन आखा

ठाण्यात माझ्याकडे अकरावी-बारावीची मुलं गणिताला येतात आणि सशर्त संभाव्यता, म्हणजे एक गोष्ट घडलीय हे धरून दुसरीची शक्यता, आली की सगळी सूत्र पाठ करून मोकळी होतात, पण "पाऊस असेल तर लोकल लेट" आणि "लोकल लेट असेल तर पाऊस" हे दोन वेगळे प्रश्न आहेत हेच लक्षात येत नाही त्यांच्या. म्हणून मी पहिल्या दिवशी फक्त चित्र काढून घेते.

ग्राफ पेपरवर १० बाय १० चा चौकोन आखायला सांगा, १०० घरं म्हणजे १०० दिवस. आकडे मनाचेच घ्या. समजा ४० दिवस पाऊस, तर वरच्या ४ ओळी निळ्या. त्यातले २० दिवस लोकल लेट, कोरड्या ६० पैकी ६ दिवस लेट, त्या घरांत फुल्या. फुल्या डाव्या कडेला चिकटून मारा हं, वरच्या प्रत्येक ओळीत ५ आणि खालच्या प्रत्येकीत १, विखुरल्या तर पुढे झाकताना पंचाईत होते.

आता विचारा, आज पाऊस आहे, लोकल लेट असायची शक्यता किती? कोऱ्या कागदाने खालच्या ६ ओळी झाकायला लावा. उरली ४० घरं, फुल्या २०, म्हणजे ५० टक्के. मग उलटा प्रश्न, लोकल लेट आहे, तर पाऊस असायची शक्यता? इथे अजिबात घाई करू नका, बरीच मुलं परत ४० नेच भागतात, त्यांना एवढंच विचारा की आता झाकायचं काय. फुली नसलेलं सगळं झाकलं की २६ घरं उरतात, त्यातली निळी २०, म्हणजे जवळपास ७७ टक्के. छेद बदलला हे त्यांना स्वतःला दिसतं, सांगावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच आकड्यांचं झाड काढा, १०० चे ४० आणि ६०, पुढे २०-२० आणि ६-५४. फांद्यांवर टक्के नकोत, दिवसच लिहा. टक्क्यांऐवजी असे मोजलेले आकडे दिले की लोकांना हे प्रश्न जास्त जमतात, हे गिगेरेन्झर आणि हॉफ्रागे या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये दाखवलंय. वेन आकृती मी शेवटी घेते, कारण मुलं गोल कसेही काढतात आणि त्यात मोजायला काही नसतं.

सूत्र आता लिहा, P(A|B) = P(A आणि B) / P(B), आणि सांगा की उभ्या रेषेनंतर जे लिहिलंय तेवढं उघडं ठेवायचं, बाकी झाकायचं. मग ऐरोली-घणसोलीहून ट्रान्स-हार्बर लोकलने येणाऱ्या मुलांना स्वतःच्या प्रवासाचा चौकोन करायला द्या आणि सोडवताना त्यांचा कागद कुठे ठेवतात ते बघा, चूक तिथेच सापडते.