टेक्ससची थंडी: रजया नंतर, आधी पाण्याचा व्हॉल्व्ह

ही यादी डिसेंबरात, अंगात टी-शर्ट असतानाच उरकायची. ह्यूस्टनमध्ये थंडीची तयारी म्हटलं की लोक रजया घ्यायला धावतात. माझ्या यादीत पहिला येतो पाण्याचा मेन व्हॉल्व्ह. घरात लाइन शिरते तिथला व्हॉल्व्ह शोधा, स्वतःच्या हाताने बंद करून बघा. जाम असेल तर आत्ताच प्लंबरला बोलवा. फुटपाथजवळच्या मीटरच्या खड्ड्यातला व्हॉल्व्ह फिरवायला लांब दांड्याची चावी लागते, तीही आणून ठेवा. आमची गॅरेजच्या दाराशी, लाल नाडी बांधून टांगलेली असते.

एवढा आग्रह का, तर फेब्रुवारी २०२१ मधली टेक्ससची थंडीची लाट. १५ तारखेला मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमाराला वीजकपात सुरू झाली. ती आळीपाळीने व्हायची होती, पण कित्येक घरांत दिवसच्या दिवस वीज आली नाही. ह्यूस्टनला पारा उणे १० सेल्सियसच्या आसपास गेला. इथल्या बऱ्याच घरांत पाण्याचे पाइप अ‍ॅटिकमधून, म्हणजे माळ्यावरून जातात. आमचा तिथलाच फुटला. चीर बोटाच्या पेराएवढी, पण आतल्या बर्फाने ती दोन दिवस बुजवून ठेवली होती. बर्फ वितळला आणि हॉलचं छत पाण्यासकट सोफ्यावर आलं. व्हॉल्व्ह कुठे आहे ते शोधण्यात वीस मिनिटं गेली.

म्हणून माळ्यावरच्या पाइपांना फोमचं वेष्टण घाला, अंगणातल्या नळांना टोप्या घाला. थंडीच्या रात्री सिंकखालची कपाटं उघडी ठेवा आणि मेन लाइनपासून सर्वांत लांबचा नळ बारीक धारेने चालू ठेवा. टाकी नसलेला गीझर असेल तर त्याची गोठण्यापासून बचाव करणारी यंत्रणा विजेवर चालते. वीज गेली की तो रिकामा करायचा. कसा, ते आधीच शिकून ठेवा.

पिण्याचं पाणी माणशी रोज चार लिटर धरा. १७ फेब्रुवारीला शहराने पाणी उकळून प्यायला सांगितलं होतं, पण विजेची शेगडी असलेल्यांनी उकळायचं कशावर? फ्लशसाठी बाथटब भरा. बूच रात्रभरात झिरपतं, त्याखाली प्लास्टिकचा तुकडा घाला.

घराचं हीटिंग गॅसवर असलं तरी त्याचा पंखा विजेवर चालतो, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नका. सगळ्यांनी एकाच खोलीत झोपायचं, दाराच्या फटीत टॉवेल. आमची आई फोनवर म्हणाली, "अगं, कोळशाची शेगडी पेटवा की घरात!" आई, नाही. बार्बेक्यू, जनरेटर, गॅरेजमध्ये चालू ठेवलेली गाडी, काहीच नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि त्या आठवड्यात त्याने माणसं गेली. डिटेक्टरचे सेल बदला. गॅरेजचं दार विजेविना उघडणारी दोरी ओढून बघा.

खाण्याचं सोपं आहे: थेपले, मेतकूट, चिवडा. गॅसची शेगडी असेल तर काडेपेटी हवीच, स्पार्क विजेवर असतो. फ्रीज उघडू नका, चार तास टिकतो.

आणि डिसेंबर-जानेवारीत भारतात जाणार असाल तर निघायच्या सकाळी मेन व्हॉल्व्ह बंद करून सगळे नळ उघडा, पाइप रिकामे होऊ द्या, मग बॅगा गाडीत टाका.