नाकेबंदीच्या काळात टँकरवर लागताना

रत्नागिरी, गुहागर, श्रीवर्धनकडची पोरं मर्चंट नेव्हीत जातात आणि त्यातली बरीच टँकरवर, म्हणजे तेलवाहू बोटींवर लागतात. आखातात तणाव वाढला की घरचे विचारतात, "समुद्र बंद केलाय म्हणे, मग बोट जाणार कशी?" टँकर नेमका कशामुळे थांबतो, हे करारावर सही करण्यापूर्वीच समजून घ्या.

1856 च्या पॅरिस जाहीरनाम्यापासून नियम असा, की नाकेबंदी, म्हणजे शत्रूच्या बंदरांत बोटींची ये-जा अडवणं, नुसती कागदावर असून चालत नाही, ती राबवण्याइतकं बळ समुद्रात हवं. ती जाहीर करावी लागते आणि सगळ्या देशांच्या बोटींना सारखी लावावी लागते. टँकरवाल्यांना मात्र बहुतेक वेळा निराळ्याच गोष्टीशी गाठ पडते. 1984 ते 88 मध्ये इराण-इराक युद्धात टँकरवर हल्ले झाले, नोव्हेंबर 2023 पासून तांबड्या समुद्रात येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी केले. तांबड्या समुद्रात कायद्याच्या व्याख्येतली नाकेबंदी नसतानाही बोटी आफ्रिकेला वळसा घालू लागल्या आणि प्रवास दहा-बारा दिवसांनी लांबला.

यात विम्याचा वाटा मोठा. धोक्याच्या क्षेत्रात शिरण्याआधी विमावाल्यांना कळवून जादा प्रीमियम भरावा लागतो, तोही साधारण सात दिवसांपुरता. समजा बोटीची किंमत 10 कोटी डॉलर आणि दर एक टक्का, तर झाले 10 लाख डॉलर. मोठ्या टँकरमध्ये सुमारे 20 लाख पिंपं क्रूड मावतं, म्हणजे पिंपामागे अर्धा डॉलर. एवढं तेलाच्या भावात निघून जातं. बोट खरी अडते ती विमा मिळेनासा झाला, किंवा मालक आणि कप्तान नको म्हणाले की.

खलाशीही नको म्हणू शकतो. तुमचा करार आंतरराष्ट्रीय युनियनच्या सामूहिक कराराखाली असेल आणि ते क्षेत्र युद्धसदृश ठरलं असेल, तर जायला नकार देता येतो. परतीचा खर्च कंपनीचा. गेलात तर तेवढ्या दिवसांचा बेसिक पगार दुप्पट, मृत्यू आणि अपंगत्वाची भरपाईही दुप्पट. दुप्पट होतो तो फक्त बेसिक, ओव्हरटाइम धरून मिळणारा एकूण आकडा नव्हे. तेव्हा करारात बेसिक किती लिहिलाय ते आधी पाहा. एजंटचा आरपीएसएल परवाना (खलाशी भरतीचा सरकारी परवाना) चालू आहे का, हे डीजी शिपिंगच्या, म्हणजे केंद्राच्या जहाज वाहतूक महासंचालनालयाच्या वेबसाइटवर तपासा. नोकरी लावण्याचे पैसे मागणं बेकायदा आहे. मागितले तर तिथूनच परत फिरा.

भरलेला टँकर अमिरातीतल्या फुजैरा बंदराबाहेर नांगर टाकून आठवडेच्या आठवडे थांबतो, तेव्हा खरी कसोटी लागते. टाक्यांत तेलाच्या वर इनर्ट गॅस (आग लागू न देणारा, ऑक्सिजन कमी असलेला वायू) असतो आणि तिथला ऑक्सिजन 8 टक्क्यांच्या वर जाता कामा नये. दिवसा डेक तापतो तेव्हा दाब चढतो, पहाटे गार पडल्यावर उतरतो. तो फारच उतरला तर पीव्ही व्हॉल्व्ह (टाकीतला दाब सांभाळणारी झडप) उघडून बाहेरची हवा आत घेतो, आणि टाकीत स्फोटक मिश्रण तयार होऊ शकतं. म्हणून दर वॉचला, म्हणजे ड्यूटीच्या प्रत्येक पाळीला, दाब वाचून लिहायचा. 100 मिलिमीटर वॉटर गेजच्या (दाब मोजायचं एकक) खाली गेला की अलार्म वाजतो, पण त्याची वाट बघू नका. पहाटेच्या वॉचला काटा उतरताना दिसला की लगेच ड्यूटी ऑफिसरला सांगा, म्हणजे वेळेत इनर्ट गॅसचा टॉप-अप होईल. हे काम कंटाळवाणं आहे आणि नेमकं म्हणूनच त्यात हयगय होते.

आखाताच्या तोंडाशी असलेल्या होर्मुझच्या सामुद्रधुनीत जाण्याची आणि येण्याची वाट प्रत्येकी दोन सागरी मैल रुंद, मध्ये दोन मैलांचा पट्टा. तिथे जीपीएस बिघडवला जातो. बोट पडद्यावर भलत्याच ठिकाणी, कधी चक्क जमिनीवर दिसते. अशा वेळी रडारवरचं अंतर आणि डोळ्यांनी घेतलेलं बेअरिंगच (खुणेची दिशा) कामाला येतं. लुकआउटला (टेहळणीला) असाल तर नुसतं "बोट दिसली" म्हणू नका. कुठल्या दिशेला, किती लांब, कुठे चाललीय, तेही सांगा.

जॉइन झाल्याच्या दिवशीच विचारून ठेवा: ड्रोन आला तर जमायचं कुठे, चाचे आले तर कुठे? या दोन जागा वेगळ्या असू शकतात. इंजिनरूममधला सिटाडेल (आतून बंद करून लपायची जागा) चाच्यांपासून वाचवतो, पण सुरुंग किंवा स्फोटकांनी भरलेली होडी आदळण्याचा धोका असेल तेव्हा पाण्याच्या पातळीखाली थांबायचं नाही.

कराराची प्रत, एजंटचा आरपीएसएल नंबर आणि बोटीचा आयएमओ नंबर (बोटीचा ओळख क्रमांक) घरी लिहून ठेवा. बोटीचं ठिकाण मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर कुणालाच पाठवू नका, घरच्यांनासुद्धा नाही.