चालती पिकअप मध्येच बंद पडते? इंजिनचा डिझेल पंप उघडण्याआधी हे तपासा

सोयाबीनची पोती भरून पिकअप लातूरच्या मोंढ्याकडे निघते, रस्त्यातच इंजिन बंद पडतं आणि अर्ध्या तासाने सेल्फ मारला की काहीच झालं नाही अशी चालू होते. अशा गाडीवर आधी फिल्टर, मग पंप, मग इंजेक्टर असा खर्च होत जातो आणि गाडी पुन्हा तशीच उभी राहते. गाडी कशी बंद पडली हे आधी नीट आठवा. निम्मं निदान त्यातच असतं.

पण सगळ्यात आधी जीव सांभाळा. इंजिन बंद झालं की स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांपुरताच उरतो. ब्रेक पुन्हापुन्हा मारू नका, एकदाच दाबून धरा. चावी काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल. मांजरसुंब्यासारख्या घाटात उतारावर असाल तर गाडी गिअरमध्येच राहू द्या, क्लच दाबू नका. चाकं इंजिन फिरवत राहतात, त्यामुळे व्हॅक्यूम पंपही फिरतो. बाजूला थांबलात की चाकाला दगड लावा.

आता बंद पडण्याची तऱ्हा. गचके देत, ओढ कमी होत दम तोडला तर डिझेल कमी पडतंय. चावी फिरवल्यासारखं क्षणात बंद झालं तर करंट तुटतोय.

डिझेलचा संशय असेल तर थांबल्याथांबल्या टाकीचं झाकण उघडा. ‘सूं’ करून हवा आत ओढली गेली तर टाकीचा श्वास कोंडलाय. काळ्या मातीची धूळ झाकणाच्या बारीक छिद्रात बसते, पंप ओढत राहतो आणि टाकीत हवा शिरत नाही. छिद्र साफ केलं की काम झालं, पार्ट काहीच लागत नाही.

मग फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून पेलाभर डिझेल पारदर्शक बाटलीत घ्या आणि दहा मिनिटं स्थिर ठेवा. पाणी जड असल्याने तळाला वेगळं दिसतं. ट्रॅक्टरसाठी कॅनमध्ये साठवलेलं डिझेल पिकअपमध्ये ओतायची सवय असेल तर पावसाळ्यात हे हमखास सापडतं. पाणी निघालं तर नुसता फिल्टर बदलून भागत नाही, टाकीही रिकामी करून धुवावी लागते.

पाणी नसेल तर एअर धरतेय का बघा. टाकीपासून फिल्टरपर्यंतची नळी ओढीवर चालते, म्हणून तिला चीर पडली तरी डिझेल बाहेर गळतंच असं नाही, हवा आत शिरते. हा बिघाड नजरेला दिसत नाही, म्हणूनच सुटतो. फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये वीतभर पारदर्शक डिझेल नळी क्लिप लावून जोडा आणि इंजिन रेस करा. बुडबुड्यांची धार दिसली तर क्लिपा, रबरी नळ्या, फिल्टरचं सील एकेक करून बदला. तरी शंका उरली तर पाच लिटर स्वच्छ डिझेलचा कॅन उंचावर घट्ट बांधा आणि ओढीची व परतीची अशा दोन्ही नळ्या त्यात सोडा. गाडी नीट चालली तर पंप निर्दोष आहे, दोष टाकीत किंवा लाइनमध्ये आहे. टाकीतच इलेक्ट्रिक पंप असलेल्या गाडीवर मात्र हा प्रयोग करू नका. कॉमन रेल इंजिनचे (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल मिळतं ते) लोखंडी पाइप चालू इंजिनावर किंवा सेल्फ मारताना कधीच सैल करू नका. तिथे शेकडो, कधी हजाराहून जास्त बार दाब असतो, डिझेल कातडी फोडून आत घुसतं.

करंटच्या बाजूला सुरुवात बॅटरीच्या टोकांपासून करा. हाताने हललं तर तेच कारण समजा. इंजिन बंद असताना मीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास, चालू असताना १३.८ ते १४.४ हवेत. बॅटरीचं निगेटिव्ह टोक आणि इंजिन ब्लॉक यांच्यामध्ये मीटर लावून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टहून जास्त दाखवलं तर अर्थिंगची पट्टी गंजलीय. चावी ऑन केल्यावर इंजिनचा दिवाच लागत नसेल तर ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, करंट पोचत नाही: फ्यूज आणि मेन रिले (त्याला करंट जोडणारा स्विच) बघा, त्याच नंबरचा दुसरा रिले लावून पाहा. जुन्या मेकॅनिकल पंपावर चावी ऑन-ऑफ करताना स्टॉप सोलेनॉइड (डिझेल बंद-चालू करणारा विजेचा खटका) ‘टक’ वाजायला हवा.

मे महिन्यात पारा ४० च्या वर गेला की एक ठरलेला गुन्हेगार असतो, इंजिनचं फिरणं ओळखून ईसीयूला कळवणारा क्रँक सेन्सर. गरम झाला की त्याची आतली तार तुटते, थंड झाला की जुळते. म्हणून गाडी गॅरेजला पोचेपर्यंत ठणठणीत होते. बंद पडल्यापडल्या सेल्फ मारा आणि आरपीएमचा काटा बघा. इंजिन फिरतंय पण काटा शून्यावरच, तर संशय पक्का. सेन्सरवर ओलं फडकं ठेवा, दहा मिनिटांत गाडी उठली तर तोच बदला. त्याआधी कपलरमध्ये (वायरच्या जोडात) ऑइल शिरलंय का, वायर ब्रॅकेटला घासलीय का, उंदरांनी कुरतडलीय का एवढं पाहून घ्या, नवा सेन्सरही तिथेच फसतो. स्कॅनरवर (ईसीयूतले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्रावर) पी०३३५ आला तर क्रँक सेन्सरचं सर्किट, पी०३४० म्हणजे कॅम सेन्सर, पी००८७ दिसला तर रेलमधला दाब कमी. हा शेवटचा कोड बघून थेट पंप उतरवू नका, तुंबलेल्या फिल्टरनेही तोच येतो.

दुरुस्तीनंतर रिकामी गाडी गल्लीत फिरवून खात्री होत नाही. तेवढाच माल भरून, भर दुपारी, त्याच चढावर तासभर चालवा आणि स्कॅनर लावलेलाच ठेवा.