स्टार्टर पॅनेलवर नवीन आहात? मग आधी ऑटो रिसेट समजून घ्या

आयटीआयच्या बोर्डावर डीओएल स्टार्टर (मोटर थेट पूर्ण सप्लायवर चालू करणारा) तुम्ही दहा वेळा जोडला असेल. हिरवं बटण, लाल बटण, कॉन्टॅक्टर (कॉइलने ओढला जाणारा मोटरचा स्विच), ओव्हरलोड रिले (करंट जास्त वाढला की मोटर थांबवणारा) ओळखीचे आहेत असं धरूनच लिहितोय. सर्किट डोक्यात बसायला वेळ लागतो, त्याचं टेन्शन घेऊ नका. महिना-दीड महिना रोज वायरी हातात घेतल्या की बसतं. पण बोर्डावर शिकलेली एक गोष्ट पंपरूममध्ये उलटते. त्यात मी स्वतः फसलोय, म्हणून तीच जरा लांबण लावून सांगणार आहे.

सोसायटीच्या पंपरूममधलं साधं पॅनेल घ्या. ५ एचपी, म्हणजे ३.७ किलोवॅटची मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकत्र), थ्री फेज ४१५ व्होल्ट, नेमप्लेटवर साधारण ७.५ अँपिअर. कंट्रोलची वायर आर फेजवरून २ अँपिअरच्या एमसीबीतून निघते, ओव्हरलोडच्या ९५ मध्ये शिरून ९६ मधून बाहेर पडते (९५-९६ हा ट्रिप झाल्यावर उघडणारा कॉन्टॅक्ट). पुढे स्टॉप बटणाचा एनसी (एरवी जुळलेला कॉन्टॅक्ट), मग स्टार्टचा एनओ (एरवी उघडा) आणि शेवटी कॉन्टॅक्टरच्या कॉइलचं ए१. ए२ न्यूट्रलला. कॉन्टॅक्टरचा १३-१४ हा कॉन्टॅक्ट स्टार्ट बटणाला समांतर, बटण सोडलं तरी तो कॉइल धरून ठेवतो, त्यालाच आपण होल्डिंग म्हणतो. स्टॉप एनसी ठेवायचं कारण तोंडपाठ नको, कळायला हवं: ती वायर कुठे तुटली तर मोटर थांबली पाहिजे. स्टॉपला एनओ लावून रिलेमार्फत थांबवणारी सर्किटं यूट्यूबवर दिसतात, ती तिथेच राहू द्या.

सर्किट वाचताना कॉइलपासून उलटं चालायचं. ए१ ला फेज कुठून आला, त्याच्या आधी काय, त्याच्याही आधी काय. वरून खाली वाचत गेलात तर हमखास चुकाल.

आता सापळा. ओव्हरलोड रिलेवर करंट सेटिंगच्या चकतीशेजारी एक छोटं, बहुतेक निळं बटण असतं. स्क्रूड्रायव्हरने फिरवलं की ते दोनपैकी एका जागी बसतं: हँड किंवा ऑटो. कुठे ‘एच’ आणि ‘ए’ लिहिलेलं असतं, कुठे ‘एम’ आणि ‘ए’. हँडवर असताना रिले ट्रिप झाला की बटण दाबेपर्यंत ९५-९६ उघडाच राहतो. ऑटोवर असताना आतली बायमेटल पट्टी थंड झाली की ९५-९६ आपोआप जुळतो. त्याला काही मिनिटं पुरतात.

कॉलेजच्या बोर्डावर ऑटोने काहीच बिघडत नाही. ट्रिप झाला, कॉन्टॅक्टर पडला, १३-१४ उघडला. रिले थंड होऊन ९५-९६ जुळला तरी होल्डिंग तुटलेलं आहे, कोणीतरी हिरवं बटण दाबेपर्यंत मोटर हलणार नाही. त्यामुळे ‘ऑटो ठेवा, सारखं रिसेट करायला नको’ हा सल्ला तिथे खपून जातो आणि तोच डोक्यात घेऊन पोरं कामावर येतात.

पंपरूममध्ये पंप आपोआप चालतो तेव्हा स्टार्ट बटणाचं कामच नसतं. पॅनेलवर मॅन्युअल-ऑफ-ऑटो सिलेक्टर असतो, आणि तो ऑटोवर असताना कॉइलला फेज मिळतो तो फ्लोट स्विचमधून, म्हणजे पाण्याच्या पातळीवर जुळणाऱ्या-तुटणाऱ्या स्विचमधून. खालच्या टाकीत पाणी आहे, वरची टाकी रिकामी आहे, म्हणजे दोन्ही फ्लोट जुळलेले. इथे होल्डिंगचा पत्ता नाही. अशा सर्किटला टू-वायर कंट्रोल म्हणतात. हायड्रोन्यूमॅटिक पंपाचा प्रेशर स्विच, कोल्ड स्टोरेजचा थर्मोस्टॅट, शेतातला ऑटो स्विच (सप्लाय आला की पंप आपोआप चालू करणारा) हे सगळे याच जातीचे.

अशा सर्किटमध्ये रिले ऑटोवर असेल तर काय होतं ते एकेक पायरीने बघा. बेअरिंग जाम झालं, मोटर जास्त करंट ओढायला लागली, रिले ट्रिप झाला, मोटर थांबली. वरची टाकी भरलेली नाही, म्हणून फ्लोट अजून पाणी मागतोच आहे. रिलेच्या ९७-९८ वरचा (हा कॉन्टॅक्ट ट्रिप झाल्यावर जुळतो) ट्रिपचा लाल दिवा लागला, वॉचमनने फोन केला. तुम्ही पोचेपर्यंत रिले थंड होत आला. लाल दिवा अजून लागलेलाच आहे, म्हणून बघणाऱ्याला वाटतं, मोटर बंदच आहे. मग हेल्पर फॅन कव्हर काढतो, शाफ्ट हाताने फिरतोय का ते बघतो. नेमकं तेव्हाच दिवा विझतो, ९५-९६ जुळतो, कॉन्टॅक्टर धाडकन बसतो आणि शाफ्ट फिरतो. कोणी बटण दाबलेलं नसतं. बोटं पंख्यात असतात.

पुन्हा सांगतो, कारण ऐकताना हे सोपं वाटतं: टू-वायर सर्किटमध्ये ट्रिप झालेली मोटर ही थांबलेली मोटर नाही, ती वाट बघत असलेली मोटर आहे. टर्मिनल बॉक्स उघडून लग (वायरीच्या टोकाची जोडणी) घट्ट करत असाल तर हाच धोका ४१५ व्होल्टच्या रूपात समोर येतो.

ऑटो रिसेटमुळे मोटरही जळते. रिलेची पट्टी वाइंडिंगपेक्षा लवकर थंड होते. दर वेळी सुरू होताना मोटर फुल लोडच्या ६ ते ७ पट करंट ओढते, वाइंडिंग आधीच तापलेलं असतं, त्यात पुन्हा ट्रिप, पुन्हा चालू. रात्रभर हे चक्र चाललं की सकाळी वार्निश जळल्याचा वास येतो आणि दोष रिवाइंडिंगवाल्यावर जातो.

उपाय साधा आहे. टू-वायर सर्किट असेल तर रिले हँडवरच. ९७-९८ वर दिवा आणि जमल्यास हूटर लावा, म्हणजे ट्रिप झाल्याचं वॉचमनला कळेल. ‘रात्री पाणी बंद झालं तर लोक ओरडतात’ असं सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतील. ओरडू द्या, दुसरा स्टँडबाय पंप बसवायला सांगा.

पण रिले हँडवर केला म्हणून निर्धास्त होऊ नका. टू-वायर सर्किट लाईट परत आल्यावरही आपोआप चालू होतं. म्हणून ‘लाईट गेलीय तोवर उरकून घे’ हे वाक्य ज्याने सांगितलं त्याचं ऐकू नका, मग तो कितीही मोठा उस्ताद असो. शेतीच्या लाईनवर तर हे रोजचंच. सप्लाय कधी दिवसा, कधी रात्री. त्यासाठी शेतकरी ऑटो स्विच लावतो. सप्लाय आला की त्या डीपीवरचे (ट्रान्सफॉर्मरवरचे) सगळे पंप एकदम उठतात, ट्रान्सफॉर्मरवर ताण येतो, म्हणून महावितरण ऑटो स्विच काढा, कॅपॅसिटर बसवा असं वारंवार सांगतं. ट्रान्सफॉर्मरचं ते बघतील. आपण पेटीत हात घातलेला असताना लाईन आली तर काय, याचा विचार आपण करायचा.

सिलेक्टर ‘ऑफ’वर टाकला म्हणजे सप्लाय तोडला असंही नाही. सिलेक्टर फक्त कॉइलचा फेज तोडतो. कॉन्टॅक्टरच्या वरच्या १, ३, ५ नंबरच्या टर्मिनलवर ४१५ व्होल्ट तसेच उभे असतात. दोन पंपांच्या पॅनेलमध्ये आणखी एक मेख असते: कंट्रोलचा फेज दोघांना एकाच एमसीबीतून दिलेला असतो, किंवा फ्लोटची वायर टेरेसवरच्या वेगळ्या पॅनेलमधून येते. पहिल्या पंपाचा आयसोलेटर (सप्लाय तोडणारा मुख्य स्विच) पाडला तरी त्याच्या टर्मिनल पट्टीवर २३० व्होल्ट जिवंत राहतात.

म्हणून हात लावायच्या आधी असं करा. आयसोलेटर पाडा, त्याला कुलूप लावा, किल्ली स्वतःच्या खिशात. हेल्परच्या नाही, वॉचमनच्या तर नाहीच. ‘काम चालू आहे’ची पाटी लटकवा. मग मल्टिमीटर आधी चालू असलेल्या सप्लायवर तपासून घ्या, मग तुमच्या टर्मिनलवर तिन्ही फेज एकमेकांत आणि प्रत्येक फेज अर्थशी मोजा, कंट्रोलच्या टर्मिनलवरही मोजा, आणि शेवटी मीटर पुन्हा चालू सप्लायवर तपासा. पहिल्या तपासणीनंतर मीटरचा फ्यूज किंवा प्रोब गेला तर तो शून्यच दाखवेल, म्हणून हा शेवटचा फेरा. पाच मिनिटांचं काम आहे. खिशातला निऑन टेस्टर यासाठी चालत नाही. शेजारच्या वायरीच्या इंडक्शनने तो पेटतो आणि बिघडला की जिवंत फेजवरही पेटत नाही. बोटाची पाठ लावून बघायला शिकवणारे अजूनही भेटतात. त्यांच्याकडून बेअरिंग बदलायला जरूर शिका, ही सवय मात्र घेऊ नका.

पॅनेलला पॉवर फॅक्टर कॅपॅसिटर असेल तर सप्लाय तोडल्यावरही तो चार्ज धरून बसतो. किमान पाच मिनिटं थांबून त्याच्या टर्मिनलवर डीसी मोजा. व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) आत डीसी बसवर साडेपाचशेपेक्षा जास्त व्होल्ट असतात, त्याच्या लेबलवर थांबायची मिनिटं छापलेली असतात, तेवढं थांबाच.

बाकी सेटिंगचं थोडक्यात. रिले नेमप्लेटच्या करंटवर, इथे ७.५ वर. सारखा ट्रिप होतो म्हणून चकती १० वर नेणं म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर फोडणं. ९५-९६ ला जंपर मारणाऱ्याबद्दल काही बोलत नाही. ट्रिप झाला तर आधी क्लॅम्प मीटरने तिन्ही फेजचा करंट बघा. एका फेजवर शून्य असेल तर सिंगल फेजिंग, म्हणजे एक फेज गेलेला, बाकीच्या दोघांवर करंट १.७३ पटीपर्यंत चढतो. तिथे किटकॅट फ्यूज किंवा ढिला लग शोधा. तिन्हीवर सारखा जास्त असेल तर दोष यांत्रिक किंवा व्होल्टेज कमी. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये (मोटर आधी स्टार, मग डेल्टा जोडणीत चालवणाऱ्या) रिले फेजच्या वायरीत बसलेला असेल तर सेटिंग करंटच्या ०.५८ पट: १५ एचपीच्या २१ अँपिअर मोटरला साधारण १२.२. मेन लाईनमध्ये बसलेला असेल तर पूर्ण २१. कुठे बसलाय ते वायर धरून बघा, अंदाजाने ठरवू नका.

मोटर बराच काळ बंद होती किंवा पंपरूममध्ये पाणी शिरलं होतं, तर ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने) वाइंडिंग ते बॉडी मोजा. १ मेगओहमच्या खाली असेल तर चालू करू नका, आधी सुकवा. बॉडीला अर्थिंगच्या दोन स्वतंत्र पट्ट्या हव्यात, एकच दिसली तर लेखी सांगा.

कोणाला शॉक लागून चिकटलाय असं दिसलं तर ओढायला धावू नका. आधी मेन पाडा, ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने वायर दूर करा. श्वास चालू नसेल तर छातीवर मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटीमीटर खोल दाब, आणि दुसऱ्या कोणाला तरी १०८ लावायला सांगा.

इतकं वाचून पॅनेलची भीती वाटायला लागली असेल तर चांगलं आहे, ती पहिल्या वर्षात कामाला येते. हळूहळू ती हाताच्या सवयीत मुरते.

काम संपलं की कुलूप काढायच्या आधी दोन्ही फ्लोट हाताने उचलून, खाली सोडून मल्टिमीटरवर त्यांचे कॉन्टॅक्ट बघा. सप्लाय दिल्यावर सिलेक्टर ऑटोवर ठेवून रिलेचं टेस्ट बटण दाबा. कॉन्टॅक्टर पडला पाहिजे, लाल दिवा लागला पाहिजे. मग दहा मिनिटं पॅनेलसमोर उभे राहा, चहा प्या. तेवढ्या वेळात मोटर आपोआप उठली तर रिलेचं निळं बटण अजून ऑटोवर आहे. नाही उठली तर रिसेट दाबा, आणि दाराच्या आतल्या बाजूला कागद चिकटवा: सेटिंग ७.५, रिसेट हँड, तारीख आणि तुमची सही.