कर्जतच्या कँपला पहिल्यांदा येणार असाल तर मे महिन्याची वाट बघू नका

सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं बसवा की मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, कुणी कर्जत म्हटलं की ते आपलं नगरचं कर्जत नाही, ते रायगडचं कर्जत. हसू नका, दरवर्षी गावाकडून नवीन आलेला एक तरी मुलगा विचारतो की कँपला एवढ्या लांब परत नगर जिल्ह्यात कशाला जायचं. हे कर्जत सेंट्रल लाइनवर आहे, सीएसएमटीवरून साधारण दोन तास, आणि इंडिकेटरवर नाव वाचत बसायला वेळ नसतो म्हणून अक्षरं लक्षात ठेवा, कर्जतला एस, कसाऱ्याला एन, खोपोलीला केपी. खोपोली गाडीही कर्जतवरूनच जाते, ती चालेल. एन मध्ये बसलात तर कल्याणनंतर गाडी दुसऱ्याच दिशेला वळते आणि तुम्ही आसनगाव बघून येता. सकाळी आपण गर्दीच्या उलट्या दिशेने जातो त्यामुळे बसायला मिळतं, संध्याकाळी परतताना पण मिळतं. आणि रविवारी शक्यतो निघूच नका, मेगाब्लॉक असला तर कल्याणपर्यंतच जीव जातो. म्हणून तर कँपच्या जागेवरचं आपलं डागडुजीचं काम शनिवारचं असतं.

मी राहुरीकडची, नर्सिंगला मुंबईत आले आणि इथेच राहिले, नोकरी, लग्न, पोरं सगळं इथलंच. गावाकडून येणारे बरेचजण मला विचारतात की ताई इथे मंडळीत ओळखी होत नाहीत, उपासना संपली की सगळे ट्रेन पकडायला पळतात, चहासुद्धा उभ्याउभ्या पितात. खरंय ते. गावी पाळकसाहेब स्वतः घरी येऊन चौकशी करतात, इथे मंडळीतला एकजण डोंबिवलीला, एकजण विक्रोळीला, एकजण वांगणीला, कोण कुणाकडे कधी जाणार? त्यामुळे गावच्या मंडळीकडून सभासदत्वाचं पत्र आणा, ते द्याच, पण पत्राने नाव फक्त रजिस्टरमध्ये चढतं. माणसं मिळतात ती कर्जतला, आणि तीसुद्धा मे महिन्यातल्या कँपात नाही. कँपात दोनशे पोरं, टाइमटेबल, शिट्ट्या, कुणाला कुणाशी बोलायला वेळ नसतो. माणसं मिळतात कामाच्या शनिवारी, हातात फावडं नाहीतर ब्रश असताना. म्हणून मी सगळ्यांना सांगते की आधी दोन-तीन कामांना या, मग कँपला या.

आता वर्ष कसं चालतं ते सांगते, कारण आपल्याकडचं आणि इथलं गणित उलटं आहे. नगरला आपण पावसाची वाट बघतो, इथे पावसाची तयारी करतात. आपल्याकडे वर्षभरात जेवढा पडतो तेवढा इथे जुलैत जोर धरला तर आठवड्याभरात पडतो, वर माथेरानच्या डोंगरावर तर विचारूच नका. त्यामुळे मेच्या शेवटी पोरं घरी गेली की लगेच आगोटीची कामं सुरू होतात. हा शब्द तुम्हाला नवीन असेल, इकडे पावसाआधीच्या सगळ्या तजविजीला आगोट म्हणतात, लाकडं आत घेणं, धान्य-मसाला भरणं, छप्पर बघणं सगळं त्यात आलं. आपल्या कँपवर टेंट उन्हात पूर्ण वाळवून गुंडाळायचे (जरा ओल राहिली की ऑक्टोबरमध्ये उघडताना काळे डाग आणि असा वास की विचारू नका), गाद्या माळ्यावर, भांडी मोजून पेटीत, गटारं साफ, आणि पडवीला पश्चिमेकडून झावळ्यांच्या झडपा बांधायच्या म्हणजे झड आत येत नाही. या दिवसांत संध्याकाळी थांबलात तर काजवे दिसतात, झाडच्या झाड लुकलुकतं, पण टॉर्च मारू नका प्लीज.

जून ते सप्टेंबर कँप बंद. म्हणजे बंद म्हणजे पोरांसाठी बंद, महिन्यातून एकदा चार-पाच जण जाऊन गळती बघून येतात. तुम्हाला वाटेल की पावसात मजा येईल, धबधबे वगैरे, तर धबधब्यांवर पावसाळ्यात बऱ्याचदा बंदीचे आदेश असतात आणि ते असावेतच. 27 जुलै 2019 ला बदलापूर आणि वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती, हजाराच्या आसपास माणसं बोटीने बाहेर काढावी लागली, ती हीच लाइन. अंदाज खराब असला की ग्रुपवर मेसेज येतो, कामं रद्द, तेव्हा हिरोगिरी करून निघायचं नाही.

पुन्हा बांधकाम चाललंय ते काय आहे हे नवीन सगळे विचारतात. झालं असं की 3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि आत घुसलं. लॉकडाऊन होता, लोकल फक्त अत्यावश्यक सेवावाल्यांसाठी, तीही नंतर सुरू झाली, त्यामुळे तिथे फक्त राखण करणारे मामा आणि मामी. जेवणाच्या हॉलचं छप्पर उडालं. सगळं नाही, एका बाजूचं गेलं आणि मग आत वारा शिरून दुसरी बाजू उचलली. काही पत्रे आंब्यावर अडकलेले, एक तर पार ओढ्यापलीकडे भाताच्या खाचरात. मामांनी ताडपत्री बांधून भिंती वाचवल्या, नाहीतर त्या वर्षीच्या पावसात भिंतीही बसल्या असत्या.

मग कमिटीत वाद, तो मुंबईचा खास वाद, स्लॅब टाका म्हणणारे एकीकडे आणि पत्रा म्हणणारे दुसरीकडे. कौलं का नाही असं विचाराल तर माकडं. एका हंगामात अर्धी कौलं फोडतात. स्लॅबला पैसे नव्हते आणि मेमध्ये स्लॅबखाली पोरं भाजून निघाली असती. शेवटी पत्राच ठरला पण छप्पर चौपाखी केलं, आधी दुपाखी होतं. चार बाजूंनी उतार असला की वाऱ्याला धरायला सरळ भिंत मिळत नाही, कोकणातल्या जुन्या घरांना असंच छप्पर असतं, आपण शिकलेले लोक ते विसरलो होतो. पडवीचं छप्पर मुख्य छपरापासून सुटं ठेवलंय, उद्या वारा पडवीखाली घुसला तर पडवी जाईल, हॉल राहील. आणि हुकचे बोल्ट कडेला पत्र्याच्या प्रत्येक उंचवट्यावर, मधे एकाआड एक, कारण वारा कडेपासून उचलायला सुरुवात करतो. खाली बांबूची तट्टी लावली म्हणजे उन्हाचा चटका कमी.

नवीन माणसाला पहिलं काम बहुतेक वेळा या छपराची गळती शोधायचंच मिळतं, आणि मला ते फार आवडतं. भर दुपारी हॉलची दारं-खिडक्या बंद करायची, आत काळोख, तट्टीचा एकेक तुकडा काढायचा आणि वर बघायचं. जिथे भोक असेल तिथे सुईएवढा उजेड दिसतो. मग काठीने खालून ठकठक करायचं, वर बसलेला माणूस आवाजावरून सरकत येतो, अजून डावीकडे, अजून, हां थांब, आणि तिथे खडूची खूण. बहुतेक वेळा भोक नसतंच, बोल्टखालचा वॉशर उन्हाने कडक होऊन चिरलेला असतो, तो बदलला की झालं. या ठकठकीत वरचा माणूस आणि खालचा माणूस यांची जी ओळख होते ती वर्षभर चर्चच्या बाकावर शेजारी बसून होत नाही.

दुसरं बांधकाम म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी होत्या त्या दोन खोल्या. त्या वादळात पडल्या नाहीत, आम्ही सोडल्या. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड आली, रात्रीत वस्ती गेली. आपल्या कँपपासून तो डोंगर काही फार लांब नाही. त्यानंतर कमिटीत कुणी वाद घातला नाही, पायथ्याशी कुणालाही झोपवायचं नाही एवढं ठरलं, खोल्यांमध्ये आता अवजारं आहेत आणि नवीन डॉर्मिटरी मोकळ्या सपाटीवर होतेय. उताराच्या वरच्या अंगाला चर काढलेत, ते गाळाने भरतात, ते साफ करणं हेही शनिवारचं काम. पावसात जमिनीला नवीन भेग दिसली, झाडं कलंडलेली वाटली, झऱ्याचं पाणी एकदम गढूळ झालं तर फोटो काढत बसू नका, सगळ्यांना घेऊन निघा आणि मग फोन करा.

पाऊस गेला की ऑक्टोबरात गवत डोक्याएवढं असतं. ते हिरवं असतानाच कापायचं, कारण फेब्रुवारी-मार्चमध्ये ते वाळून बारूद होतं आणि वणवा आला की पळायला वेळ मिळत नाही. कंपाऊंडच्या बाजूने गवत-पाला काढून पट्टा मोकळा ठेवतो, त्याला जाळरेषा म्हणतात. सात-आठ वर्षांनी एकदा कारवी फुलते तेव्हा पूर्ण उतार जांभळा होतो, त्या वर्षी कोयता हातात असलेल्यांना जास्त सांभाळावं लागतं. नाताळानंतर तरुण संघाची छोटी रिट्रीट असते, तेव्हा थंडी खरोखर असते, मुंबईवाले जॅकेटमध्ये कुडकुडतात आणि आपली गावाकडची पोरं नुसत्या शर्टात फिरतात, तेवढीच आपली वट.

मामा-मामींबद्दल एक गोष्ट नीट ऐका. ते ठाकर समाजाचे आहेत, ख्रिस्ती नाहीत, त्यांची गावदेवी आहे, त्यांच्या सणाला ते कामाला येणार नाहीत आणि त्यांना तसं कुणी विचारायचंही नाही. पाड्यावर पत्रकं वाटायची नाहीत, माइक बाहेरच्या बाजूला लावायचा नाही, पोरांना खाऊच्या बदल्यात गाणी म्हणायला लावायची नाहीत. एका उत्साही ग्रुपने हे केलं आणि ते निस्तरायला आमचं एक वर्ष गेलं. आपण तिथे शेजारी म्हणून आहोत. वादळात ताडपत्री बांधायला पाड्यावरचेच लोक आले होते, मुंबईहून कुणी नव्हतं आलं. भाजी, करवंदं, जांभळं त्यांच्याकडूनच घ्यायची आणि घासाघीस न करता. जूनमध्ये मामी शेवळं ही रानभाजी करतात, ती नुसती शिजवली तर घशाला खाजतात, काकडं (रानातली आंबट फळं) घालावी लागतात, म्हणून स्वतः तोडून शहाणपणा करू नका, मामींना करू द्या.

गाण्यांचं पण सांगते. इथली पोरं गिटारवर इंग्रजी कोरस म्हणतात, छान म्हणतात. पण शेकोटीला एकदा पेटी आणि ढोलकी निघाली आणि नारायण वामन टिळकांची भजनं सुरू झाली की सगळे गप्प होतात, कारण मुंबईच्या पोरांना चाली येत नाहीत आणि आपल्या येतात. लाजू नका. पेटी वाजवता येत असेल तर पहिल्याच दिवशी सांगा, आमचे पेटीवाले अंकल आता डोंगर चढत नाहीत.

मेच्या कँपबद्दल फार सांगण्यासारखं नाही. उकाडा चाळीसच्या पुढे, पाणी विहिरीचं तळाला, उरलेलं टँकरचं, म्हणून अंघोळीला एक बादली आणि ती पण भांडणाशिवाय. फोन ऑफिसात जमा. बाकी पोरं खूश असतात.

नर्स आहे म्हणून एवढं बोलणारच. इथे घोणस, फुरसं, मण्यार, नाग चारही आहेत. रात्री टॉर्चशिवाय पाऊल टाकायचं नाही, बूट झटकून घालायचे, जमिनीवर झोपायचं नाही. चावलाच तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही, साप मारायला पळायचं नाही, हात-पाय हलू न देता माणसाला झोपवून सरळ सरकारी दवाखान्यात, प्रतिविष तिथे असतं. पावसात चिखलात काम केलं आणि पायाला जखम असेल तर लेप्टोचा, म्हणजे घाण पाण्या-चिखलातून होणाऱ्या तापाचा धोका, ताप येण्याची वाट न बघता 72 तासांच्या आत डॉक्टरला दाखवा, गोळी मनाने घेऊ नका. आणि धनुर्वाताचं इंजेक्शन आधी घेऊन या, पत्र्याचं काम आहे.

पुढचा शनिवार चर साफ करायचा आहे. कर्जत स्टेशनला साडेआठला तिकीट खिडकीजवळ थांबायचं, तिथून सहा सीटर रिक्षा करतो, पैसे वाटून. रिटर्न तिकीट सकाळीच काढा, संध्याकाळी लाइन असते. जुने पूर्ण बाह्यांचे कपडे, टोपी, दोन बाटल्या पाणी, हातमोजे असतील तर उत्तम. जेवण मामी करतात, भाकरी किती लागतील ते गुरुवार रात्रीपर्यंत ग्रुपवर टाका, आयत्या वेळी आलात तर वडापाववर भागवावं लागेल.