टोटल बरोबर होती, मथळा चुकला

एफवायचा, म्हणजे कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा, निकाल लागला तेव्हा माझे दोन सेमिस्टरचे ४४ क्रेडिट (कोर्सच्या तासांवरून ठरणारे अंक) पूर्ण होते, एटीकेटी, म्हणजे राहिलेला विषय, एकही नव्हती, आणि तरी मानसशास्त्राच्या २०१ या पुढच्या पातळीच्या कोर्सच्या यादीत माझं नाव नव्हतं. बडोद्यात दांडिया बाजारातल्या घरी आत्याचा एकच धोशा: "पास झालीस ना, मग नाव का नाही?" तिच्या काळी एफवाय, एसवाय, टीवाय अशा सरळ तीन पायऱ्या होत्या. तिला काय सांगणार? मलाच कळलं नव्हतं.

मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडीचा दुय्यम विषय, सेमिस्टर म्हणजे सहामाही. आता आधी कोर्सच्या कोडमधले आकडे. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात १०० ते १९९ म्हणजे पायाभूत कोर्स, २०० चे मधल्या पातळीचे, ३०० चे वरच्या आणि ४०० चे प्रगत, म्हणजे चौथ्या वर्षाचे. शतकाचा आकडा पातळी सांगतो. पुढचे दोन आकडे बहुतेक वेळा विभागाने आपल्या सोयीने दिलेले असतात. १०७ हा १०२ पेक्षा अवघड नसतो. मी पहिले दोन महिने तसंच समजत होते आणि १०१ घेतला म्हणून स्वतःला 'ढ' ठरवून बसले होते.

पण सगळीकडे ही पद्धत नाही. काही ठिकाणी पहिला आकडा सेमिस्टरचा असतो. ओळखायची सोपी खूण: तिसऱ्या सेमिस्टरच्या कोर्सचा कोड बघा. २ ने सुरू होत असेल तर बहुधा पातळी, ३ ने होत असेल तर सेमिस्टर.

आता माझा खड्डा. हे जरा लांबण लावून सांगते, कारण त्यात मी पडले आणि माझ्यामागून बऱ्याच जणी पडल्या.

आमच्याकडे सेमिस्टरचे २२ क्रेडिट असे होते: मेजरचे ८, मायनरचे ४, मल्टिडिसिप्लिनरीचे (इतर शाखांची तोंडओळख, मार्कशीटवर 'एमडीसी') ४ आणि भाषा, कौशल्य, मूल्यशिक्षण यांचे दोन-दोन. माझं मेजर अर्थशास्त्र. पहिल्या सेमिस्टरला मायनरमध्ये मानसशास्त्र १०१ घेतलं. दुसऱ्या सेमिस्टरला मैत्रिणी राज्यशास्त्राला चालल्या होत्या, वेळही जमत होती, म्हणून मायनरच्या रकान्यात राज्यशास्त्र भरलं. आणि मानसशास्त्र सुटू नये म्हणून १०२ घेतलं मल्टिडिसिप्लिनरीच्या रकान्यात. कोर्स तोच. बाई त्याच. वर्ग तोच, पंखाही तोच बंद पडलेला. पोर्टलने फॉर्म घेतला, टोटल २२ आली, मी खूश.

कोर्स कोणत्या खात्यात जमा होणार हे कोडवर लिहिलेलं नसतं, तुम्ही तो कोणत्या मथळ्याखाली निवडलात त्यावर ठरतं. मानसशास्त्र १०१ हा मानसशास्त्राच्या मुलीचा मेजर, माझा मायनर आणि तिसरीचा नुसता मल्टिडिसिप्लिनरी. तिघी एकाच बाकावर बसून तोच पेपर देणार, पण क्रेडिट तीन वेगवेगळ्या डब्यांत पडणार. माझ्या मायनरच्या डब्यात मानसशास्त्राचे फक्त ४ होते, राज्यशास्त्राचे ४. २०१ ला त्याच विषयातले मायनरचे ८ लागत होते. मी १०२ शिकले होते, त्यात ६८ मार्क होते, तरी ते मायनरमध्ये मोजलं गेलं नाही.

हे मला कुणी समजावलं? मेंटॉर म्हणून नेमलेल्या सरांनी नाही, त्यांनी "पोर्टल पे देख लो" म्हणून हात झटकले. समजावलं खिडकीमागच्या कारकून काकांनी. त्यांनी माझी मार्कशीट उलटी करून माझ्याकडे सरकवली, 'एमडीसी' या अक्षरांभोवती पेन्सिलीने गोल केला आणि म्हणाले, "बेन, टोटल नहीं, मथाळुं जुओ." म्हणजे बेरीज नाही, मथळा बघा. माझं मत विचाराल तर सल्ला मागायचा तो अशाच माणसाकडे, जो रोज शेकडो फॉर्म दुरुस्त करतो. सीनियर लोकांची 'सोप्पे पेपर' वाली यादी मात्र फेकून द्या. राज्यशास्त्र मी त्याच यादीतून उचललं होतं, आणि यादी बनवणाऱ्याचा पॅटर्नच जुना होता.

घाबरू नका, यातून वर्ष वाया जात नाही. चौथ्या सेमिस्टरला मी एफवायच्या मुलींबरोबर मायनरचा एक १०० चा पेपर जादा दिला, त्या सेमिस्टरला २६ क्रेडिट झाले. पोरी मला 'दीदी' म्हणायच्या, पहिला आठवडा मान वर करवेना. मग त्यांच्याबरोबर सेव-उसळ खायला जायला लागले. २०१ वर्षभर मागे पडलं, एवढंच.

यूजीसीच्या हिशेबात तीन वर्षांच्या किमान १२० क्रेडिटपैकी किमान २४ मायनरचे असावे लागतात. आमच्याकडे एकूण १३२ होतात, म्हणून बेरीज नेहमी भरघोस दिसते आणि तीच फसवते. घरी वहीत रकाने आखा, मथळ्यागणिक. पोर्टलवर भरवसा ठेवू नका, चुकीचा फॉर्मही ते आनंदाने घेतं.

आणखी एक. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरला १५ तास, प्रॅक्टिकलचा ३०. म्हणून दोन क्रेडिटचं प्रॅक्टिकल हलकं समजून घेऊ नका, चार क्रेडिटच्या थिअरीएवढेच तास खातं.

४०० च्या कोर्सचं आत्ताच डोक्यात घेऊ नका. फक्त चौथं वर्ष करून संशोधनासह ऑनर्स पदवी हवी असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरना मिळून ७५ टक्के लागतात, आणि त्यात एफवायचेही मार्क धरतात. माझे पाच सेमिस्टरचे ७३ आहेत. सहाव्याचा निकाल यायचाय, आत्या रोज विचारते.