सेकंड हँड छोटी ऑटोमॅटिक गाडी घेताय? या चुका टाळा

चार-साडेचार लाखांचं बजेट, घरात चार माणसं, रोजचा रस्ता हिंजवडीचा नाहीतर घोडबंदरचा. अशा घरानं सेकंड हँड ऑटोमॅटिकचा विचार केला तर तो योग्यच आहे. पण प्रत्यक्ष गाडी बघायला गेलं की रंग बघितला जातो, टचस्क्रीन चालवून बघितली जाते, रनिंग विचारलं जातं आणि टोकन देऊन मंडळी घरी येतात. ज्या गिअरबॉक्ससाठी जास्तीचे पैसे मोजायचे, तो कुठल्या प्रकारचा आहे आणि कुठल्या अवस्थेत आहे, हे कोणी विचारतच नाही. माझं सांगणं एवढंच आहे की आधी गिअरबॉक्स निवडा, गाडी त्याच्या मागून येऊ दे. इंजिन, पत्रा, सीट यांचं काम कुठल्याही गावात होतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तसं नाही.

सगळ्या ऑटोमॅटिक सारख्याच, असं समजणं

सगळ्यात महाग पडणारी चूक ही, म्हणून इथे जरा थांबू.

आपल्याकडे छोट्या गाड्यांत ऑटोमॅटिक घरोघरी पोचली ती २०१४ साली सेलेरिओमुळे. तिच्यात एएमटी, म्हणजे ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन होता. मारुती त्याला एजीएस म्हणते. अल्टो के१०, वॅगनआर, इग्निस, २०१८ नंतरची स्विफ्ट, टियागो, क्विड, नवी सँट्रो, ग्रँड आय१० निऑस या सगळ्यांत हाच प्रकार आहे. आत गिअरबॉक्स साधा मॅन्युअलचाच आणि क्लच प्लेटही नेहमीचीच असते. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तेवढं तुमच्याऐवजी ॲक्चुएटर नावाचा यांत्रिक हात करतो. त्यामुळे गिअर बदलताना हलका झोका बसतो. तो दोष नव्हे, त्या यंत्रणेचा स्वभावच तो. फायदा असा की ॲव्हरेज मॅन्युअलइतकं मिळतं आणि क्लचचं काम हजारांत होतं.

टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे क्लच प्लेटऐवजी तेलातून इंजिनाची ताकद पोचवणारा प्रकार. तो जुन्या आय१० मध्ये, पहिल्या ग्रँड आय१० मध्ये, होंडा ब्रिओत सापडतो. चालायला मऊ आणि दमदार, पण पेट्रोल जास्त पितो, आणि आज बाजारात मिळणाऱ्या या गाड्या वयानं मोठ्या झाल्यात. ऑइल वेळेवर बदललेलं असेल तर अजूनही चांगली निवड.

सीव्हीटी होंडा जॅझमध्ये, अमेझमध्ये, निसान मायक्रात मिळेल. यात गिअर असे नसतातच. पट्टा आणि पुली यांच्यावर गाडी सलग वेग धरते. ट्रॅफिकमध्ये याच्याइतकं सुख दुसऱ्या कशात नाही. मात्र त्याचं ऑइल म्हणजे त्याचा प्राण. कंपनीनं सांगितलेल्या ग्रेडचंच, सांगितलेल्या अंतराला बदललेलं असल्याचं बिल हवं. बिल नसेल तर गाडी कितीही चकचकीत असो, मी सोडून देईन, कारण सीव्हीटी बदलायची वेळ आली तर खर्च लाखाच्या घरात जातो.

राहिला ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लच आळीपाळीनं गिअर बदलतात तो. २०२० पूर्वीची पोलो जीटी टीएसआय आणि फिगोची दीड लिटर पेट्रोल ऑटोमॅटिक या त्या गाड्या. पिकअप झकास, किंमतही आता उतरलेली, त्यामुळे मोह होतोच. पोलोतला सात गिअरचा डीएसजी (फोक्सवॅगनच्या ड्युअल क्लचचं नाव) कोरड्या, म्हणजे तेलात न बुडलेल्या क्लचचा आहे, आणि या प्रकारच्या गिअरबॉक्ससाठी फोक्सवॅगननं २०१३ साली जगभरातून लाखो गाड्या परत बोलावल्या होत्या. फिगो बनवणाऱ्या फोर्डनं २०२१ साली भारतातलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं. गाड्या वाईट नाहीत, पण हात आखडून खर्च करणाऱ्या घरासाठी त्या नाहीत, हे माझं स्पष्ट मत.

आणि एक खाचखळगा नावात आहे. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक गिअरबॉक्स वेगळा असतो. २०२२ पूर्वीची बलेनो ऑटोमॅटिक म्हणजे सीव्हीटी, त्यानंतरची एजीएस. डिझायर पेट्रोलमध्ये २०१७ पर्यंत चार गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर होता, पुढे एजीएस आला. जुन्या आय२० मध्ये आधी चार गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर आणि २०१८ पासून सीव्हीटी. म्हणून जाहिरातीत नुसतं ‘ऑटोमॅटिक’ वाचून किंमत ठरवू नका. वर्ष आणि व्हेरिअंट आरसीवर बघा.

गरम इंजिनावर टेस्ट ड्राइव्ह घेणं

विक्रेत्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की सकाळी येतो, गाडी चालू करू नका. गेल्यावर पहिला हात बॉनेटवर. कोमट लागलं तर का चालू केली ते विचारा. थंड इंजिनावर गिअरबॉक्स जे बोलतो ते गरम झाल्यावर बोलत नाही.

एएमटी असेल तर ड्रायव्हरचं दार उघडताना कान द्या. बऱ्याच गाड्यांत दार उघडताच आतला पंप काही क्षण घुर्र वाजतो, प्रेशर तयार करतो आणि गप्प बसतो. हे नॉर्मल. दार बंद असताना, गाडी नुसती उभी असताना तो पुन्हा पुन्हा वाजत राहिला, तर प्रेशर कुठेतरी गळतंय असं धरा आणि जाणकार मेकॅनिकला दाखवल्याशिवाय पुढे बोलू नका.

मग ब्रेकवर पाय ठेवून न्यूट्रलमधून डी (ड्राइव्ह), परत न्यूट्रल, मग रिव्हर्स. गिअर पडायला वेळ लागतो का, धक्का बसतो का ते बघा. सीव्हीटी आणि टॉर्क कन्व्हर्टरमध्ये डी टाकल्यावर ब्रेक सोडताच गाडी सावकाश पुढे सरकायला हवी. जुन्या काही एएमटींत हे सरकणं दिलेलंच नव्हतं, तिथे त्याची अपेक्षा ठेवू नका.

खरी परीक्षा चढावर होते. सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगचा रॅम्प सगळ्यात उत्तम. रॅम्पच्या मध्यावर थांबा आणि तिथून गाडी काढा, एकदा पुढे आणि जमलं तर एकदा रिव्हर्समध्ये. एएमटीची क्लच प्लेट झिजली असेल तर इंजिन ओरडतं, गाडी थरथरते, उचलत नाही, आणि जळक्याचा वास केबिनमध्ये येतो. सीव्हीटीत दहा-पंधराच्या वेगाला बारीक थरथर किंवा वेगाबरोबर वाढणारी शिट्टी ऐकू आली तर सावध व्हा. त्यानंतर अर्धा तास ट्रॅफिकमध्ये फिरवा. कॉलनीला एक चक्कर मारून परत आलात तर तुम्ही काहीच तपासलेलं नाही. विक्रेता वेळ द्यायला तयार नसेल, तर त्याच किमतीत दुसरी गाडी मिळेल.

मीटरवर विश्वास

‘सिंगल ओनर, डॉक्टरांची गाडी, रनिंग फक्त अठ्ठावीस हजार.’ असेलही. पण मीटर मागे फिरवता येतो. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरची नोंद मागा. तारखेबरोबर किलोमीटर लिहिलेले असतात. टायरवर चार आकड्यांत बनवल्याचा आठवडा आणि वर्ष असतं. २०१९ च्या गाडीवर २०२३ चे टायर असतील आणि मीटर वीस हजारच सांगत असेल, तर पहिले टायर कुठे गेले हे विचारायला हवं. ऑटोमॅटिकमध्ये ब्रेक पेडलचं रबर आणि गिअर लिव्हरची कडा बघा, हात-पाय दिवसभर तिथेच असतात.

शिवाय कमी रनिंग म्हणजे चांगला क्लच, हे समीकरणही खरं नाही. महामार्गावर सत्तर हजार पळालेल्या एएमटीचा क्लच शहरात तीस हजार रांगलेल्या गाडीपेक्षा ताजा असू शकतो. गाडी कुठे आणि कोणी चालवली, हे विचारा.

पुरातून निघालेली गाडी

२०१९ साली कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळुणात गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा गाड्या धुऊन-पुसून लांबच्या गावात विकायला येतात. एएमटीच्या ॲक्चुएटरला आणि कंट्रोल युनिटला पाणी म्हणजे काळ. गाडी चार महिने नीट चालते, मग एखाद्या दिवशी सिग्नलला गिअरच पडत नाही.

तपासणी सोपी आहे. पुढचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. बाहेर राहणारा भाग पुसतात, आत गुंडाळलेला तसाच राहतो. त्याच्यावर चिखलाची आडवी रेघ, कडक झालेला पट्टा किंवा कुबट वास मिळाला की बोलणी तिथेच थांबवा. सीटखालच्या रेल्सवरचा गंज, मॅटखालचा ओलसरपणा, डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यातली रेती आणि फ्यूज बॉक्समधले हिरवे पडलेले पिन हीसुद्धा तीच गोष्ट सांगतात. गाडीवर आधी किती क्लेम झाले, हे इन्शुरन्सच्या कागदांवरून विचारून घ्या.

सगळं बजेट गाडीतच घालणं

चार लाख हातात असतील तर गाडी साडेतीनची बघा. टायर, बॅटरी, गिअरबॉक्सचं ऑइल, इन्शुरन्स, नावावर करायचा खर्च हे सगळं पहिल्या दोन महिन्यांत येतं. विक्रेत्याचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट) तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्याकडेच राहतो. म्हणून प्रीमियमचा आकडा आधी काढून घ्या.

दुसरं म्हणजे नव्या गाडीची आजची किंमत. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. अजूनही काही विक्रेते जुन्या ऑन-रोड किमतीवरून हिशेब मांडतात. तीन वर्षांच्या एएमटीचा भाव ऐकल्यावर त्याच गाडीच्या नव्या एएमटीचं कोटेशन शोरूममधून जरूर मागवा. सेकंड हँड कर्जाचा व्याजदर जास्त असतो, तोही त्यात धरा.

पैसे वाचवताना सुरक्षेला मात्र कात्री लावू नका. एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) सगळ्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून आणि चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. शेजारच्या सीटची एअरबॅग सगळ्यांना आली ती २०२१ च्या अखेरीस. त्याआधीची गाडी असेल तर व्हेरिअंटमध्ये काय आहे ते नीट बघा. ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक-चाचणीत २०१९ साली वॅगनआरला दोन तारे मिळाले, २०२० साली टियागोला चार. मागच्या सीटवर मुलं बसणार असतील तर हा फरक माझ्या दृष्टीनं टचस्क्रीनपेक्षा कितीतरी मोठा आहे.

कागद नंतर बघू

सरकारच्या एमपरिवहन ॲपवर नंबर टाका: कितवा मालक, बँकेचा बोजा, इन्शुरन्स, सगळं दिसतं. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवायचा) हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. थकलेले ई-चलन विक्रेत्याकडूनच भरून घ्या. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन ते एजंटकडे महिनोन्महिने पडून राहू देणं दोघांच्याही अंगाशी येतं. आरसीवर ज्याचं नाव, अपघाताची जबाबदारी त्याची, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली स्पष्ट केलंय. इन्शुरन्स नावावर करायचा अर्ज चौदा दिवसांत द्या.

दिल्लीची गाडी स्वस्त दिसते. तिथून एनओसी, इथे पुन्हा टॅक्स आणि पासिंगच्या खेपा धरल्या की बचत उरत नाही. बाहेरून सीएनजी बसवलेली असेल तर किटची नोंद आरसीवर हवी आणि सिलिंडरची तीन वर्षांतून होणारी हायड्रो टेस्टही (पाण्याच्या दाबानं घेतलेली चाचणी) झालेली हवी.

घेतल्यावर येणाऱ्या तक्रारी

एएमटी अचानक जास्त झटके देऊ लागली, किंवा स्क्रीनवर गिअरचा आकडा लुकलुकू लागला, तर लगेच क्लच उघडायला देऊ नका. आधी बॅटरी आणि अर्थिंग तपासून घ्या. व्होल्टेज कमी पडलं की ही यंत्रणा गोंधळते. गाडी चालूच होत नसेल तर ब्रेक दाबून मागचे लाल दिवे लागतात का ते बघा. लागत नसतील तर ब्रेक स्विचची शक्यता मोठी, आणि ते काम किरकोळ आहे. क्लच बदलला असेल तर स्कॅनर लावून कॅलिब्रेशन (यंत्रणेची नव्या क्लचशी जुळणी) करून घेतलंच पाहिजे. ते न केल्यानं नवा क्लचही जुन्यासारखाच वागतो.

चढाच्या सिग्नलला ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका, ब्रेक किंवा हँडब्रेक वापरा. क्लच जळतो तो बहुतेक इथेच. बऱ्याच एएमटींना पार्किंगचा ‘पी’ नसतो, तेव्हा इंजिन बंद करताना गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढा. घाट उतरताना ॲव्हरेजसाठी न्यूट्रल टाकायची सवय असेल तर ती मोडा. मॅन्युअल मोडमध्ये दुसऱ्या-तिसऱ्यात उतरा, म्हणजे ब्रेक तापणार नाहीत.

बंद पडली तर धक्का मारून ऑटोमॅटिक चालू होत नाही. आणि सीव्हीटी किंवा टॉर्क कन्व्हर्टरची गाडी पुढची चाकं रस्त्यावर ठेवून टोचन करून नेऊ देऊ नका, गिअरबॉक्स वाटेतच जातो. इन्शुरन्स घेताना रोडसाइड असिस्टन्स जोडून घ्या, फोनवर फ्लॅटबेडच (अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रक) मागा, आणि तो येईपर्यंत आपली गाडी दोरानं ओढायला आलेल्या कोणालाही हात लावू देऊ नका.